मुलाला मुक्त अर्थव्यवस्थेच्या आठवडाभराच्या शिबिराला पाठवावं का?

कांदेनवमी | १४ मे, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. प्रश्न जरा लांबण लावून सांगते, सांभाळून घ्या.

आम्ही अटलांटाजवळ राहतो. धाकटा मुलगा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय अर्थशास्त्र. आम्हाला न विचारता त्याने अलाबामातल्या ऑबर्न गावी होणाऱ्या 'मिझेस युनिव्हर्सिटी'साठी अर्ज केला आणि त्याची निवडही झाली. नावात युनिव्हर्सिटी असली तरी ते विद्यापीठ नाही. मिझेस इन्स्टिट्यूट नावाची संस्था १९८६ पासून दर उन्हाळ्यात विद्यार्थ्यांसाठी भरवते ते आठवडाभराचं शिबिर आहे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत व्याख्यानं, आणि ती सगळी एकाच पठडीची: ऑस्ट्रियन अर्थशास्त्र, बाजार मोकळा हवा, सरकारने हात लावू नये.

नवऱ्याचं म्हणणं, "एकोणीस वर्षांच्या पोराला आठवडाभर एकच बाजू ऐकवली की तो एककल्ली होऊन परत येईल." माझं मन मात्र दुसरीकडे ओढ घेतंय. माझे वडील निफाड तालुक्यातले कांदा उत्पादक. शेतकरी संघटनेचा लाल बिल्ला त्यांनी कित्येक वर्षं छातीवर लावला. चाकणजवळ आंबेठाणला, अंगारमळ्यावर, शरद जोशींच्या शिबिराला ते गेले होते. परत आले तेव्हा बोलण्याची भाषाच बदललेली होती, असं आई सांगायची. तोवर 'नशीब' म्हणायचे, तिथून पुढे 'धोरण' म्हणायला लागले. म्हणजे शिबिराने माणूस बदलतो हे मी घरातच पाहिलंय. बदल चांगला की वाईट, हे मात्र मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर, पाठवावं का? आणि पाठवायचं तर सोबत काय देऊन पाठवावं? (लाडू-चिवडा सोडून.)

पिंपळपान | १४ मे, रात्री ९:३२

रुमाल टाकून ठेवतो. धागा रंगणार.

सोलापुरी_चादर | १४ मे, रात्री ११:०५

बिनधास्त पाठवा. मी अकरा वर्षांपूर्वी तिथे गेलो होतो. इंजिनिअरिंग करत होतो, अर्थशास्त्राचा गंध नव्हता.

पहिले दोन दिवस पाया पक्का करतात. या पठडीचा जनक कार्ल मेंगर याने १८७१ साली मांडलेली मूल्याची कल्पना (वस्तूचं मूल्य गिऱ्हाईकाच्या गरजेवरून ठरतं), मग किंमत, पैसा, भांडवल, व्याज. नंतर एकाच वेळी दोन-तीन व्याख्यानं असतात, त्यातलं हवं ते निवडायचं. शेवटी ज्यांना हवी त्यांच्यासाठी तोंडी परीक्षा, प्राध्यापकांच्या पॅनेलसमोर. तिला जर्मन नाव आहे आणि ती ऐच्छिक आहे, पण मुलाला नक्की बसायला सांगा. वर्षभराच्या लेखी पेपरांनी मला जे शिकवलं नाही ते त्या काही मिनिटांनी शिकवलं. शब्द पाठ असतात, अर्थ विचारला की बोबडी वळते.

खरं शिबिर जेवणाच्या टेबलावर चालतं. माझ्या टेबलावर ब्राझीलचा एक, पोलंडचा एक आणि एक मुलगी टेक्ससची. आपापल्या देशातल्या महागाईच्या गोष्टी सांगत रात्रीचे बारा वाजायचे. माझा विचार त्या आठवड्याने पूर्ण फिरला असं नाही. पण 'याचा भाव एवढा का?' हा प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. भाजी घेतानाही.

एक व्यावहारिक सूचना: ऑबर्नचं घड्याळ अटलांटाच्या एक तास मागे असतं. आणायला जाल तेव्हा घोळ होतो.

खडू_आणि_फळा | १५ मे, सकाळी ८:२०

पुण्यात पदवीच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

या पठडीचं मोठं काम नाकारता येत नाही. लुडविग फॉन मिझेस (जन्म १८८१, लेम्बर्ग, ते आज युक्रेनमधलं लविव) यांनी १९२० साली एक साधा प्रश्न विचारला. कारखाने, यंत्रं, जमीन सगळं सरकारचं झालं, त्यांची खरेदी-विक्रीच थांबली, तर त्यांना किंमत उरणार नाही. आणि किंमत नसेल तर रस्ता आधी बांधायचा की धरण, हा हिशोब नियोजनकार कशाने करणार? पुढे याच पठडीतल्या हायेकने यात भर घातली: गावोगाव विखुरलेली माहिती एका टेबलावर कधीच गोळा होत नाही, किंमत ती माहिती वाहून नेते. हे प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असलंच पाहिजे. मी शिकवते.

माझा आक्षेप पद्धतीवर आहे. मिझेस यांचं म्हणणं असं की अर्थशास्त्राचे नियम भूमितीसारखे तर्काने सिद्ध होतात, आकडेवारीने ते खोटे ठरवता येत नाहीत. इथे मी थांबते. २००८ च्या आर्थिक संकटानंतर अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने नवा पैसा निर्माण करून प्रचंड प्रमाणात रोखे विकत घेतले, तेव्हा या वर्तुळातल्या अनेकांनी सांगितलं की महागाईचा भडका आता उडणार. पुढची दहा-बारा वर्षं तो उडाला नाही. २०२१-२२ मध्ये उडाला, पण तोवर महासाथ, पुरवठ्याच्या तुटलेल्या साखळ्या, युद्ध असं बरंच मध्ये आलं होतं. अंदाज चुकल्यावर सिद्धान्ताला काही विचारायचंच नसेल तर विद्यार्थी शिकणार काय?

तेव्हा जाऊ द्या, पण 'कोणता आकडा दिसला तर तुम्ही मत बदलाल?' हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून द्या. हाच प्रश्न त्याने कॉलेजातल्या प्राध्यापकांनाही विचारावा. माझ्या विद्यार्थ्यांनी मला विचारला तर मला आनंदच होईल.

सोलापुरी_चादर | १५ मे, सकाळी ९:०२

@खडू_आणि_फळा, प्रतिसाद आवडला. फक्त एक. त्यांचं उत्तर असं असतं की सिद्धान्त 'पैसा वाढला नसता तर भाव जिथे असते त्यापेक्षा ते वर राहतील' एवढंच सांगतो. कधी आणि किती, हे सांगत नाही. अंदाज माणसांचे चुकले.

खडू_आणि_फळा | १५ मे, सकाळी ९:४०

माहीत आहे. पण जे वाक्य कुठल्याही आकड्याने हलत नाही त्यावर मी घरखर्चाचं नियोजनही करणार नाही.

पऱ्हाटी | १५ मे, दुपारी १:१५

मॅडमनी लिहिलेला हिशोबाचा मुद्दा पुस्तकातला नाही, आम्ही यवतमाळकरांनी तो भोगलाय. महाराष्ट्रात १९७२ पासून जवळजवळ तीन दशकं कापूस एकाधिकार खरेदी होती. कापूस सरकारी यंत्रणेलाच घालायचा, दुसऱ्याला विकला तर गुन्हा. माझ्या लहानपणी बाबा बैलगाडी घेऊन केंद्रावर जायचे आणि दोन-दोन रात्री रांगेत गाडीखाली झोपायचे. ग्रेडरने हात घालून बोंड चुरगाळलं की वर्षाचा फैसला. चुकारा हप्त्या-हप्त्यांनी. त्यात पेरणीचा मोसम निघून जायचा, सावकाराचं व्याज थांबत नव्हतं.

शेजारच्या राज्यात भाव बरा असला की रात्री गाड्या सीमेपार जायच्या. स्वतः पिकवलेला माल चोरासारखा न्यायचा! बाबांना त्याची फार लाज वाटायची. एकदा पकडले गेले. त्यावर ते कधीच बोलले नाहीत.

योजना सुरू करणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. व्यापाऱ्यांनी लुटू नये म्हणूनच ती आणली होती, आणि काही वर्षं तिने भाव सावरलाही. पण एकच गिऱ्हाईक असलं की ते गिऱ्हाईक सरकार असो की सावकार, आपली मान त्याच्या हातात जाते.

पोराला पाठवा ताई.

उसाचा_रस | १५ मे, दुपारी २:०६

@पऱ्हाटी +१. आमच्याकडे आजही दोन साखर कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतर लागतं. केंद्राचा नियम १५ चा, महाराष्ट्राने वाढवून घेतला. घरापासून पाच किलोमीटरवर कुणी कारखाना काढायला तयार असला तरी काढता येत नाही. ऊस तोडल्यावर वाळत जातो, दूर नेता येत नाही. मग भावासाठी घासाघीस करायची कुणाशी?

फुलवात | १५ मे, दुपारी ४:४८

एक किस्सा. १९४७ साली स्वित्झर्लंडमध्ये माँ पेलेराँला हायेकने मुक्त बाजारवाल्यांची बैठक बोलावली. शिकागोचे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनही होते. करांवर चर्चा चालली असताना मिझेस उठले आणि "तुम्ही सगळे समाजवादी आहात" म्हणत तरातरा निघून गेले. हे फ्रीडमननीच पुढे सांगितलंय.

फ्रीडमन समाजवादी! तर 'एकच बाजू ऐकेल' ही भीती नको. त्या बाजूच्या आतच भरपूर बाजू आहेत.

पिंपळपान | १५ मे, संध्याकाळी ५:१५

हे तर आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेसारखं झालं.

निळी_पणती | १५ मे, रात्री १०:३०

मुक्त बाजार म्हटलं की आपण लगेच व्हिएन्ना आणि शिकागोकडे पाहतो. बाबासाहेबांचा रुपयावरचा प्रबंध १९२३ साली लंडनला छापला गेला, प्रस्तावना एडविन कॅनन यांची. त्या वेळच्या व्यवस्थेत चलन सुवर्ण विनिमय परिमाणावर होतं (देशात रुपये चालायचे, सोन्याशी नातं फक्त परदेशी देण्याघेण्यापुरतं), आणि ब्रिटिश अर्थतज्ज्ञ केन्स यांनी १९१३ मध्ये तिची बाजू घेतली होती. बाबासाहेबांनी विरोध केला. कारण असं की त्या व्यवस्थेत रुपये किती पाडायचे याला सरकारवर खरा लगाम राहत नाही, आणि रुपयाची किंमत घसरली की ती गरिबाच्या ताटातून जाते. सरकारच्या हातातल्या पैशाच्या नळाला कुलूप हवं, हा विचार ऑबर्नच्या वर्गातही ओळखीचा वाटेल. मुलाला हे पुस्तक जरूर द्या. मूळ इंग्रजीत आहे, सरकारी खंडांमध्ये मिळतं.

लाल_माती | १५ मे, रात्री ११:१२

@निळी_पणती, आदर राखून असहमत. बाबासाहेबांना अर्धं वाचून बाजारवाल्यांच्या दाराशी उभं करू नका. १९४७ मध्ये त्यांनीच संविधान सभेसाठीच्या निवेदनात मूलभूत उद्योग सरकारच्या मालकीचे असावेत, शेतजमीन सरकारने घेऊन सामूहिक पद्धतीने कसायला द्यावी, असं मांडलं होतं. का? कारण ज्याच्याकडे जमीनच नाही त्याला 'करार करायचं स्वातंत्र्य' म्हणजे मालक देईल त्या मजुरीला हो म्हणायचं स्वातंत्र्य.

माझी आई मराठवाड्यात दुसऱ्याच्या रानात कांदा लावायला जायची. भाव चढला म्हणून तिची मजुरी चढल्याचं मला आठवत नाही. आठवडी बाजारातून कांदा आणताना मात्र तिला तो चढलेला भाव द्यावा लागायचा. शिबिरात या बाईचा तास असतो का?

निळी_पणती | १६ मे, सकाळी ७:५०

@लाल_माती, अर्धं वाचलेलं नाही, दोन्ही वाचलंय. ओढाताण मलाही करायची नाही. माझ्या मते दोन्हीत धागा एकच आहे: सत्ता एका हातात साठली की तळचा माणूस भरडतो. १९२३ ला ती सत्ता टांकसाळीची होती, १९४७ ला जमीनदार आणि भांडवलदाराची. मुलाने दोन्ही वाचावं. आणि तुमच्या आईचा प्रश्न विचारावा, याला माझं पूर्ण अनुमोदन.

बांबूचं_बन | १६ मे, सकाळी ११:२५

गडचिरोलीहून. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचं नाव ऐकलं असेल. वनहक्क कायदा २००६ चा. त्यानुसार गावाला जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना वनखात्याचा. म्हणजे माल तुमचा, पण दारातून बाहेर काढायचा नाही. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री यांच्या उपस्थितीत तो परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेला मिळाला. मग गावाने आपला बांबू आपण विकला.

ही गोष्ट मुक्त बाजाराची की सामूहिक मालकीची? आम्ही इथे दोन्ही म्हणतो. विकायचं स्वातंत्र्य पूर्ण, पण मालकी गावाची, आणि किती तोडायचा ते ग्रामसभा ठरवते. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ चं नोबेल अशाच, लोकांनी मिळून सांभाळलेल्या संपत्तीच्या अभ्यासासाठी मिळालं. मुलाला सांगा, 'सरकार की खाजगी' एवढ्या दोनच खोल्यांचं घर नसतं.

खडू_आणि_फळा | १६ मे, दुपारी १२:१०

@बांबूचं_बन, दंडवत. हे उद्या वर्गात सांगणार.

सुगरण_नव्हे | १६ मे, दुपारी १२:४४

अवांतर: अलाबामात शाकाहारी पोराचं जेवणाचं काय? डाळभाताची पाकिटं द्याच. आमचा मुलगा ह्यूस्टनहून एका शिबिराला गेला होता, आठवडाभर चीज सँडविचवर काढला.

सोलापुरी_चादर | १६ मे, दुपारी १:२०

मी शेंगदाण्याची चटणी नेली होती. ब्राझीलच्या मुलाने संपवली. मोबदल्यात कॉफी दिली, ऐच्छिक विनिमय!

अटकेपार | १६ मे, संध्याकाळी ६:००

जरा गंभीर मुद्दा. ही संस्था देणग्यांवर चालते आणि तिच्या मागे एक राजकीय विचार आहे, हे मुलाला माहीत असावं. १९८२ साली ती स्थापन झाली. मरे रॉथबार्ड तिचे आघाडीचे विचारवंत होते, १९९५ मध्ये वारले. त्यांच्या मते कोर्ट-पोलीससुद्धा सरकारकडे नकोत. या वर्तुळातल्या काही लेखकांची लिंकन आणि यादवी युद्धाबद्दलची मतं मला अजिबात पटत नाहीत. कांदा मोकळा करा म्हणणं आणि कोर्ट मोकळं करा म्हणणं यात अंतर आहे. आंबेठाणच्या शिबिरात शेतकरी स्वतःचा हिशोब घेऊन यायचा. इथे विद्यार्थी कोरी पाटी घेऊन जातो, हा मला फरक वाटतो.

कांदेनवमी | १६ मे, रात्री ९:४५

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येक प्रतिसाद मी नवऱ्याला वाचून दाखवला. अटकेपार यांचं शेवटचं वाक्य आम्हा दोघांनाही लागलं. कोरी पाटी नको.

म्हणून ठरवलंय: तो जाईल, पण त्याआधी आजोबांशी रोज अर्धा तास फोनवर बोलेल आणि कांद्याचा एक हिशोब स्वतः मांडेल. बियाणं, रोप, लावणीची मजुरी, खत, काढणी, चाळीत साठवताना होणारी सड, गाडीभाडं, हमाली, तोलाई. त्याला चाळ म्हणजे मुंबईची चाळ माहीत होती, कांद्याचीही असते हे काल कळलं! निर्यातीच्या तारखाही त्याने लिहून काढल्या: १४ सप्टेंबर २०२० ला बंदी, ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, त्याच डिसेंबरात पुन्हा बंदी, ती उठली मे २०२४ मध्ये, शुल्क पूर्ण गेलं १ एप्रिल २०२५ ला.

लाल_माती, तुमच्या आईचा प्रश्न वहीत पहिल्या पानावर आहे. मॅडमचा त्याच्या खाली.

पिंपळपान | १७ मे, सकाळी ८:०५

वाचनखूण साठवली. जुलैनंतर वृत्तांत टाकायला विसरू नका.

कांदेनवमी | २ ऑगस्ट, रात्री १०:२०

विसरले नाही. परवाच परत आला. वृत्तांत त्याने इंग्रजीत सांगितला, मी माझ्या शब्दांत लिहिते.

अभ्यास भरपूर झाला, तोंडी परीक्षेला बसला. पण घरात खळबळ उडाली ती तिसऱ्या दिवशी. त्याने जेवणाच्या सुट्टीत एका प्राध्यापकांसमोर आजोबांचा हिशोब ठेवला आणि सांगितलं की माझ्या आजोबांची मागणी 'उत्पादन खर्चावर आधारित रास्त भाव' अशी होती. ते म्हणाले, इथेच तुझ्या आजोबांचं आणि मेंगरचं भांडण आहे. खर्चामुळे भाव ठरत नाही. गिऱ्हाईक काय द्यायला तयार आहे याच्या अंदाजावरून आपण किती खर्च करायचा ते ठरतं. खर्च झाला म्हणून कुणी भाव देणं लागत नाही.

पोराने रात्री नऊला आजोबांना फोन लावला. तिकडे सकाळचे साडेसात, बाबा चहा घेत होते. याने मोठ्या उत्साहाने सांगितलं की तुमची मागणी चुकीची होती. ज्या माणसाने १९८० साली मुंबई-आग्रा रस्त्यावर ठिय्या दिला त्याला नातू हे सांगतोय! बाबांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनीच लावला. रात्रभर विचार केला असावा. म्हणाले, "खर्च आम्ही भाव ठरवायला नव्हतो मांडत. तुम्ही आमच्याकडून किती काढून घेता ते मोजायला मांडत होतो. सरकार मध्ये नसतं आणि कांदा रुपयाला गेला असता, तर पुढच्या साली मी कमी लावला असता, कुणाच्या नावाने बोंब मारली नसती. पण पडलेला भाव मी सोसायचा आणि चढला की दिल्लीने बंदर बंद करायचं, हा कुठला बाजार? तुझ्या मास्तरांना विचार."

विचारलं. ते म्हणाले, यात तुझे आजोबा शंभर टक्के बरोबर आहेत.

नवरा हे सगळं ऐकून म्हणाला, पोरगं एककल्ली झालं नाही. आजोबांशी भांडायला मात्र शिकलं.

पऱ्हाटी | २ ऑगस्ट, रात्री १०:५८

"तुम्ही किती काढून घेता ते मोजायला." ताई, बाबांना माझा नमस्कार सांगा. डोळ्यांत पाणी आलं.

लाल_माती | २ ऑगस्ट, रात्री ११:३०

आजोबांचं म्हणणं मनापासून पटलं. माझ्या आईच्या प्रश्नाचं काय झालं?

कांदेनवमी | ३ ऑगस्ट, सकाळी ७:१५

विचारला. उत्तर असं मिळालं की मजुरी वाढते ती मजुराला दुसरीकडे जायची वाट असली की. म्हणून तिच्या गावाजवळ काम देणारे वाढू द्या, त्यांच्या वाटेतले परवाने काढा. मुलाला ते अर्धं पटलं. "ती वाट तयार होईपर्यंत त्या बाईने काय करायचं?" असं त्याने वहीत लिहिलंय, खाली जागा कोरी आहे. मलाही उत्तर माहीत नाही.

खडू_आणि_फळा | ३ ऑगस्ट, सकाळी ९:१०

ती कोरी जागा राहू द्या. आणि माझा प्रश्न?

कांदेनवमी | ३ ऑगस्ट, सकाळी ९:३३

मॅडम, तो त्याने दोघांना विचारला. एकाने तुम्ही लिहिलंय तसंच भूमितीचं उत्तर दिलं. दुसऱ्यांनी सांगितलं की सिद्धान्त बदलणार नाही, पण एखाद्या देशात नेमकं काय घडलं याबद्दलचं माझं मत मी आकडे पाहून अनेकदा बदललंय. मुलाला दुसरे जास्त आवडले.

डिसेंबरात तो निफाडला जाणार आहे. बाबांच्या पत्र्याच्या ट्रंकेत लासलगाव बाजाराच्या पंचवीस-तीस वर्षांच्या हिशोबपट्ट्या सुतळीने बांधून ठेवलेल्या आहेत. त्या सगळ्या संगणकावर चढवायचं आजोबा-नातवाचं ठरलंय. कुणी असं काम केलं असेल तर सांगा, सुरुवात कशी करावी?

उसाचा_रस | ३ ऑगस्ट, सकाळी १०:४०

मी उसाच्या बिलांचं केलंय. आधी सगळ्या पट्ट्यांचे फोटो काढा, जुनी शाई हात लावताच उडते. हमाली, तोलाई, अडत यांचे रकाने वेगळे ठेवा, एकत्र बेरीज करू नका. आणि लिलावाचा भाव न् हातात पडलेली रक्कम शेजारी-शेजारी लिहा.